जयमालाबाईंची परवानगी

घणसोलीतल्या एका कंपनीत वरदने नवी व्यवस्था बसवली. ज्याला कामापुरतं जेवढं लागतं, तेवढंच त्याच्या कॉम्प्युटरवर उघडणार. त्यासाठी त्याने आधी सगळ्यांचे जुने अधिकार काढले, आणि माणूस प्रामाणिक असल्यामुळे स्वतःचेही. मग नवे द्यायला गेला, तर देण्याचा अधिकारही गेलेला. चार वाजता एक ग्राहक ही व्यवस्था बघायला येणार होता. तीन वाजून गेले होते.

यादीत सर्वाधिकारी असं एकच नाव शिल्लक होतं: रिसेप्शनवरच्या जयमालाबाई. तीन वर्षांपूर्वी कुणीतरी चाचणीसाठी ते वेगळं टाकलं आणि विसरून गेला, म्हणून ते वरदच्या हातून सुटलं होतं.

"मॅडम, तुमचा पासवर्ड आठवतोय?"

"आठवायचाय कशाला? कॅलेंडरच्या मागे लिहिलाय. पण तुला अधिकार हवेत कशाला?"

वरदने कारण सांगितलं. बाईंना ते पटलं. चारच्या आत सगळं चालू झालं.

नियमाप्रमाणे वरदने नंतर बाईंचे अधिकार काढायला हवे होते. त्याने फक्त ते कॅलेंडर काढलं. हल्ली ज्याला जास्त अधिकार हवेत, तो रिसेप्शनवर जातो. बाई "कशाला?" एवढंच विचारतात, आणि निम्मे लोक तिथूनच परततात. वरद आता सहाला घरी जातो.