निघण्याआधीचं बसणं

"ढकलू नका हो! पूल काय पळून चाललाय?" फाईना मागच्या माणसावर खेकसली आणि नार्वाच्या पुलासमोरची अख्खी रांग हसली.

आम्ही दोघी सकाळपासून त्या रांगेत होतो. कापडगिरणीत आमचे माग शेजारी शेजारी होते. गिरणी कधीच बंद पडली, पण खडखडाटावर मात करून बोलायची फाईनाची सवय काही गेली नाही. पुलाच्या अलीकडे एस्टोनिया, पलीकडे रशिया. पलीकडच्या इवानगोरोदमध्ये तिची थोरली बहीण न्यूरा राहते. पूर्वी घरातलं मीठ संपलं तरी फाईना पूल ओलांडायची. युद्ध सुरू झालं, मॉस्को आणि युरोपचं पुरतं बिनसलं, आणि पुलावरच्या गाड्या बंद झाल्या. आता पायी जायचं, तेही पिशवीतला रुमालसुद्धा झटकून दाखवून. दोघांचं भांडण, तिसऱ्याचा लाभ म्हणतात. आम्ही तिसरे, पण लाभ अजून पोचायचाय.

त्या दिवशी चार वाजता न्यूराला पीटर्सबर्गला नेणार होते. हृदयाचं ऑपरेशन होतं. आम्हा नार्वाच्या रशियन लोकांत लांबच्या वाटेला निघण्याआधी घरातले सगळे क्षणभर गप्प बसतात. कुणी उभं राहायचं नाही, नाहीतर निघालेलं माणूस परतत नाही म्हणे. न्यूराच्या घरात तिच्यासोबत बसायला आता कुणीच उरलं नव्हतं. तेवढ्या एका बसण्यासाठी फाईना रांगेत उभी होती.

तीन वाजून गेले तरी रांग हलेना. फाईना सरळ बाहेर पडली.

"अगं, नंबर जाईल!" मी म्हटलं.

"जाऊ दे. बसायचंच आहे ना? मग नदीकाठी काय बाकं कमी आहेत?" तिने फोन लावला. "न्यूरा, पिशवी घे आणि नदीवर ये. गाडी तिथेच बोलाव. का म्हणून विचारू नकोस, ये!"

नदीच्या दोन्ही काठांना फिरायचा रस्ता आहे, समोरासमोर. थोड्या वेळाने पलीकडच्या बाकापाशी हिरवा कोट आणि लाल पिशवी दिसली.

"बसले गं," फोनमधून न्यूराचा आवाज आला. "पण इथे शिपाई उभा आहे. सांगून ऐकत नाही मेला. तुझ्याकडे कुणी उभं नाही ना?"

फाईनाने मागे पाहिलं. फिरायला आलेल्या दोन बायका होत्या, कुत्रा घेऊन एक म्हातारा होता, आणि आमच्या सीमेवरचा शिपाई आर्वो.

"बसा सगळे! माझी बहीण ऑपरेशनला निघालीय."

बायका बसल्या. म्हातारा बसला. आर्वो पडला एस्टोनियन, त्याला काही कळेना.

"आजी, मी ड्युटीवर आहे."

"मग ड्युटीवरच बस. सगळी नाटो काय तुझ्या दोन गुडघ्यांवर उभी आहे?"

आर्वोने इकडेतिकडे पाहिलं आणि कठड्यावर टेकला. टोपीही काढली. ती काढायला कुणी सांगितलं नव्हतं.

सगळे गप्प. फोनमधून न्यूराचा श्वास तेवढा ऐकू येत होता. मला रडू आलं. फाईना समोर बघत ताठ बसली होती.

"चला, देवाचं नाव घेऊन," न्यूरा म्हणाली. फोन बंद झाला. ती उठली आणि मागे न बघता चालू लागली. लाल पिशवी बाकावरच राहिली.

"फाईना, पिशवी! फोन कर, हाक मार!"

अख्खी गिरणी दणाणून सोडणारा तिचा आवाज नक्की ओठांपर्यंत आला असणार. तिने ओठ घट्ट मिटले.

"निघालेल्याला मागून हाक मारायची नसते," ती पुटपुटली. "मोजे होते गं त्यात. मी विणलेले."

तेवढ्यात पलीकडचा शिपाई हलला. त्याने पिशवी उचलली, हिरव्या कोटामागे जवळजवळ धावत गेला, आणि गाडीच्या दाराशी न्यूराला गाठलं.

"बसत नाही म्हणून शिव्या घालणार होते मी त्याला," फाईना म्हणाली. "बरंच झालं. बसला असता तर उठायला उशीर झाला असता."

गाडी गेली. आर्वोने टोपी चढवली, बायका निघाल्या, म्हातारा कुत्र्यामागे गेला. मीही उठले. फाईना उठली नाही.

"तू हो पुढे," ती म्हणाली. "ती पोचेपर्यंत मी बसते."