दोन दिवस मिळवा

चौकशीकाकांनी तीस वर्षं स्टेशनच्या चौकशी खिडकीमागे बसून लोकांना अक्कल शिकवली. आठवड्यातून एकदाच येणारी लांबची गाडी तर त्यांचा खास विषय. वेळापत्रकात छापलेला वार ती जिथून सुटते तिथला. इथे पोचायला तिला आणखी दोन दिवस लागत. दर आठवड्याला कोणीतरी बाडबिस्तरा घेऊन दोन दिवस आधीच हजर व्हायचं आणि काका चष्म्यावरून बघत म्हणायचे, दोन दिवस मिळवा आणि मग या. आपण नसतो तर या लोकांचं कसं झालं असतं, असं त्यांना मनापासून वाटे. लोकांना तसं काही वाटत नसावं, कारण ते निवृत्त झाले त्या दिवशी रांगेतल्या एकानेही मान वर केली नाही.

पुढे त्या गाडीचा इथला वार गुरुवारऐवजी मंगळवार झाला. काकांना कोणी विचारलं नव्हतं, म्हणून त्यांनीही लक्ष दिलं नाही.

मग थोरल्या बहिणीचा फोन आला. एक डोळा तिचा कधीच गेला होता. उरलेल्या डोळ्याचं ऑपरेशन शनिवारी, आणि यश येईलच असं डॉक्टर सांगत नव्हते. त्याआधी तिला भावाला डोळे भरून बघायचं होतं. काका अकरा वर्षांत तिच्याकडे फिरकले नव्हते.

सुनेने तिकीट काढून कागद हातात दिला आणि सांगितलं, मंगळवारी सकाळी दहाची गाडी, बुधवारी तिथे. काका हसले. सुटण्याचा वार आणि आपला वार यांतला फरक त्यांनी तिला अर्धा तास समजावला. तिकिटावर आपल्याच स्टेशनचा वार असतो, हे ती दोनदा सांगू गेली. काकांनी हात वर करून तिला थांबवलं. शेवटी तिने हात टेकले आणि ती चार दिवस माहेरी गेली. कागद काकांनी घडी करून खिशात टाकला. आपल्यासारख्याने तिकीट वाचायचं म्हणजे कमीपणाच की.

मंगळवारी दहाला ते घरी निवांत दाढी करत होते. गुरुवारी अर्धा तास आधी स्टेशनवर पोचले. खिडकीतल्या नव्या मुलीने कागद बघितला आणि हळूच सांगितलं, परवाच गेली ती गाडी. तिने चष्म्यावरून बघितलं असतं तर बरं झालं असतं, पण तिला चष्माच नव्हता.

काका बाकावर बसले. ज्यांना आपण जन्मभर मूर्खात काढलं ते निदान आधी यायचे, त्यांना गाडी मिळायची. उशिरा येण्याइतकं शहाणं आजवर कोणी निघालं नव्हतं.

त्यांनी बहिणीला फोन लावला. थाप जिभेवर तयार होती.

"निघालास का?" बहिणीने विचारलं. काका तिकिटाची घडी उलगडत बसले. तिनेच वाट करून दिली. "गाडी रद्द झाली का रे?"

काकांना स्वतःची लाज वाटली.

"नाही, ताई. मंगळवारीच आली, अगदी वेळेवर. मीच आलो नाही. तिकीट वाचलं नाही."



"गाडी आठवड्यातून एकच, कसा येऊ, असं तू अकरा वर्षं सांगतोयस," ती म्हणाली. "मी मोजलंय. पावणेसहाशे वेळा आली ती. डॉक्टरांना आठवडाभर थांबवते मी. त्यापुढे हा डोळा थांबायचा नाही."