बोयाच्या वळणावर मी उलटले

डोंगा नाही हो, शिडाची होडी बोलतेय मी! नवेगाव बांधच्या तळ्यावर सगळे मला 'तो पांढरा डोंगा' म्हणतात आणि माझ्या अंगाचा तिळपापड होतो. डोंगा वल्ह्यानं चालतो. मला वारा लागतो.

कोकणात एका पत्र्याच्या शेडमध्ये मी घडले. दहा वर्षं नागपूरकडच्या हौशी लोकांनी मला पळवलं आणि जुनी झाल्यावर ताडपत्रीखाली टाकून दिलं. नौदलातून निवृत्त झालेल्या उमेंद्र सरांनी मला तिथून आपल्या गावी आणलं. गावातल्या पोरींना शर्यती शिकवायच्या, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

माझ्या वाट्याला दोघी आल्या. पुष्पांजली धानाची शेती करणाऱ्या कोहळी घरातली. ती सुकाणू धरायची. गुंजन ढिवराची लेक. तिच्याकडे पुढच्या शिडाचा दोर. तिचे वडील बिसराम याच तळ्यात जाळं टाकतात. वारा सुटला की डोंग्यात मधोमध, अगदी तळाशी बसायचं, हे त्यांनी लेकीला लहानपणीच शिकवलेलं. माझं गणित उलटं. वारा शिडाला दाबू लागला की वाऱ्याकडच्या काठावर बसून पाठ पाण्यावर झोकून द्यावी लागते. गुंजनला हे कळत होतं, पण अंगात मुरलं नव्हतं.

फेब्रुवारीतली शर्यत. जिंकणाऱ्या जोडीची राज्याच्या शिबिरासाठी निवड होणार होती. आम्ही दुसऱ्या क्रमांकावर होतो. वळणाची खूण म्हणून तरंगत ठेवलेल्या नारंगी बोयाला वळसा घालताना डोंगराच्या खिंडीतून वारा एकदम अंगावर आला. पुष्पांजली काठावर झोकून देत ओरडली, "गुंजन, बाहेर!" आणि गुंजन झटकन तळाशी बसली.

मी कलले. डोलकाठी पाण्यावर आपटली आणि बघता बघता मी पुरती पालथी झाले.

पुष्पांजली बाहेर वर आली. गुंजन माझ्याखाली अडकली होती. सरांची मोटरबोट तेव्हा दुसऱ्या उलटलेल्या होडीपाशी होती. आत अंधार, आणि वीतभर हवा. गुंजननं पायात गुरफटलेला दोर सोडवला. पण बाहेर निघायला आधी बुडी मारायला हवी, आणि लाइफ जॅकेट तिला पुन्हा पुन्हा वर, माझ्या पोटावर नेऊन आपटत होतं. जॅकेट कधीही काढायचं नाही, असं सरांनी सगळ्यांना बजावलेलं. तिचा श्वास आखूड होत चालला होता. मला स्वतःहून सुलटं होता येत नाही, याची एवढी लाज मला आयुष्यात वाटली नव्हती. शेवटी तिनं जॅकेटचे पट्टे एकेक करून सोडले.

बाहेर आधी जॅकेट आलं. रिकामं. पुष्पांजलीनं ते हातात उचललं. तळ्याच्या काठावरून डोंगा वल्हवत निघालेल्या बिसरामांनी ते पाहिलं आणि त्यांचं वल्हं तिथंच थांबलं. मग माझ्या काठाशी एक हात वर आला, आणि त्यामागून खोकत खोकत गुंजन.

आज अकरावा दिवस. डोलकाठी उतरवलेली, मी तळ्याच्या काठावर दोन ओंडक्यांवर पालथी पडून आहे. बिसराम लेकीला रागावले नाहीत, फक्त पुन्हा जायचं नाही म्हणाले.

आज दुपारी पुष्पांजली शीड धूत असताना ते आले. जमिनीवर आडवे झाले आणि सरपटत माझ्याखाली शिरले. लेकीचं डोकं टेकलं होतं तिथं त्यांनी हात लावला. बराच वेळ ते रडत होते. मग आतूनच त्यांनी विचारलं, "किती येळ होती ते इथं?"

"दोन मिनिटं असन, काका."

बाहेर येऊन त्यांनी दुपट्ट्यानं तोंड पुसलं.

"खाली बसाले मीच शिकवलो तिले," ते म्हणाले. "उद्या धाडतो. पन पयले मले दाखव, कुठं बसाव लागते ते."

दोघांनी मला सुलटं केलं. आता बिसराम माझ्या काठावर बसलेत, पाय माझ्या तळाशी बसवलेल्या पट्ट्यात अडकवून. खाली कोरडी माती आहे, वाऱ्याची झुळूकही नाही, तरी त्यांनी काठ घट्ट धरलाय. भिऊ नका, बिसरामभाऊ. अजून थोडं मागे झुका.