वाकडं अंगण

मधमाश्या पाळणाऱ्या काकांची कंबर धरली ती एका फळीपायी. त्यांच्या निम्म्या पेट्या डोंगरावर, आणि तिथवर पिकअप जात नसे. म्हणून चार जाड चाकांची एटीव्ही पिकअपमध्ये चढवायची, पायथ्याला उतरवायची आणि पुढची वाट तिच्यावरून कापायची, असा त्यांचा वर्षानुवर्षांचा शिरस्ता. चढवायला दोन लाकडी फळ्या. गेल्या हंगामात त्यातली एक सटकली. काकांनी गाडी सावरली, पण कंबर गेली. उचलणं-ढकलणं कायमचं बंद, असं डॉक्टरांनी बजावलं.

राहिल्या काकू. एटीव्ही त्या झकास चालवत, पण त्या फळ्यांवर चढायला त्या तयार नव्हत्या. त्यांचा भाऊ म्हणाला, "डोंगरावरच्या पेट्या मी नेतो, घरच्या तुम्ही सांभाळा." भला माणूस, मनात पाप नाही. रविवारी येतो म्हणाला. काकांच्या मात्र घशाखाली घास उतरेना. त्या पेट्या म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

"एकदा चांगले रॅम्प आणून बघू," ते म्हणाले. "नाहीच जमलं तर ने म्हणावं."

दुकानात काकांची नजर पोलादी रॅम्पवर बसली. "हत्ती चढला तरी वाकायचे नाहीत," त्यांनी दुकानदाराच्या आधीच सांगून टाकलं. काकूंची रीत निराळी. टरबूज असो की कपाट, उचलून पाहिल्याशिवाय त्या काही विकत घेत नसत. त्यांनी पोलादी रॅम्पचं टोक कसंबसं गुडघ्यापर्यंत आणलं आणि खाली ठेवलं.

"हत्ती आपल्याकडे नाही," त्या म्हणाल्या. "आणि उचलायचं मला आहे."

मग त्यांनी अ‍ॅल्युमिनियमचा, मधोमध दुमडणारा रॅम्प काखेत मारला आणि दुकानात एक फेरी मारून आल्या. दुकानदार हसला.

"लांबी कोणती देऊ? मागचा फाळका जमिनीपासून किती उंच आहे?"

"इथवर," काकांनी मांडीला हात लावला. "कालच मोजलाय."

घरी येऊन रॅम्प लावले, तर ते तोकडे पडून शिडीसारखे उभे. काका फाळक्याकडे बघतच राहिले.

"काल कधी मोजलंत हो?"

"संध्याकाळी."

"आणि गाडीत काय होतं?"

गाडीत मधाचे डबे होते, काठोकाठ भरलेले. त्या ओझ्याने खाली बसलेली गाडी आज रिकामी झाल्यावर चांगली वीतभर वर आली होती. आयुष्यभर मध तोलून विकणाऱ्या माणसाला वजनाचाच विसर पडावा, याला काय म्हणायचं?

"जागाच सपाट नाही इथली," काका पुटपुटले.

"नाचता येईना, अंगण वाकडं."

काका पायरीवर बसले. रविवार उद्यावर आला होता, आणि त्यांना खरंच रडू येत होतं.

काकूंचं लक्ष मात्र फाटकाजवळच्या खड्ड्याकडे गेलं. तो बुजवा, बुजवा म्हणून त्यांनी नवऱ्याचे कान किटवले होते, आणि काकांनी दरवेळी 'उद्या नक्की' म्हणून वेळ मारून नेली होती. त्या पिकअपमध्ये बसल्या आणि मागची चाकं बेताबेताने खड्ड्यात उतरवली. गाडीची पाठ खाली आली. रॅम्पची टोकं खड्ड्याच्या काठावर टेकली, आणि शिडीचा साधा चढ झाला.

काकूंनी दोन्ही रॅम्प पट्ट्यांनी गाडीला जखडले, ओढून पाहिले. मग एटीव्ही सुरू केली आणि कुठेही न थांबता सावकाश वर नेली. काकांचे हात सवयीने ढकलायला पुढे झाले होते. ते त्यांनी मागे बांधले.

"पायथ्याला कसं करशील?"

"तिथे गाडी खालच्या अंगाला तोंड करून लावायची. मागे चढ आहेच."

काकांना इतकं हलकं वाटलं की ते कंबरसुद्धा विसरले. लगोलग चेहऱ्यावर ऐट आली.

"बघ. मी तो खड्डा उगीच नव्हता ठेवला."

"तर हो. मोठे दूरदर्शी." काकूंनी वरूनच भावाला फोन लावला. "अरे, उद्या ये, पण जेवायला. पेट्या आमच्याकडेच राहतायत." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. काकूंनी पायरीवरच्या माणसाकडे पाहिलं. "चढवते मी. पण माश्या माझं कुठे ऐकतात? त्यांना हेच लागतात."