गार बॉनेट

जुनी गाडी घ्यायची तर सकाळी सहाला जायचं आणि विकणाऱ्याशी बोलायच्या आधी बॉनेटवर हात ठेवायचा, हा आमच्या मामांचा नियम. बॉनेट कोमट लागलं तर समजायचं की बेट्यानं इंजिन तापवून ठेवलंय, कारण गार असताना ते सुरू होत नाही. मग चहासुद्धा न घेता परत फिरायचं. बॉनेट गार लागलं तर माणूस प्रामाणिक. या एका तळहाताच्या जोरावर मामांनी नात्यातल्या अकरा गाड्या पास केल्या होत्या. माझी बारावी. ती दगडासारखी गार होती आणि अर्ध्या चावीत सुरू झाली. मामांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू इंजिन त्यांनीच घडवलं होतं.

ताईसाठी मुलगाही मामांनीच बघितला होता. तेव्हाही ते सकाळीच, न कळवता जाऊन थडकले होते. मुलगा पेपर वाचत बसला होता. आवाज चढत नाही, कपाळावर आठी नाही, शांत मुलगा आहे, असं त्यांनी परत येऊन सांगितलं आणि आईनं त्याच आठवड्यात होकार कळवला.

गाडीची खोड मला पंधरा दिवसांत कळली. तासभर चालवून बंद केली की स्टार्टर नुसता रडायचा, इंजिन काही पेटायचं नाही. पाऊण तास तशीच ठेवली की काही झालंच नाही अशा थाटात सुरू. भावोजींची खोड कळायला चार वर्षं लागली. ताईच्या घरातली फरशी कायम ओली असायची आणि कपाटाची दारं कायम उघडी. ती सारखी घसरायची किंवा आपटायची. आई फोनवर म्हणायची, अगं, बघून चालावं.

गाडी मी मेकॅनिककडे नेली. त्यानं काहीही न उघडता आधी मला बाजूला बसवून ती तासभर फिरवली, बंद केली, परत चावी मारली आणि इंजिनाचे फेरे दाखवणाऱ्या मीटरकडे बोट दाखवलं. "स्टार्टर फिरतोय, पण काटा जागचा हलत नाही. म्हणजे इंजिन फिरतंय ही बातमी वर पोचतच नाहीये. खाली एक सेन्सर असतो, तो तापला की मुका होतो." मग त्यानं खाली हात घालून त्या सेन्सरवर अर्धी बाटली गार पाणी ओतलं. गाडी लगेच सुरू झाली. नवा टाकायला अर्धा तास लागेल, म्हणाला. बदलत नाही तोवर गाडीत पाण्याची बाटली ठेवा.

मी मामांना फोन केला. ते म्हणाले, मेकॅनिक लोक नेहमी सेन्सरच सांगतात, कारण तो आपल्याला दिसत नाही. गाडी त्यांनी स्वतः पारखली होती. दोष माझ्या पायात होता, ॲक्सिलरेटरवर पाय जड होता माझा.

मी सेन्सर बदलला नाही. मामांनी निवडलेल्या एका वस्तूत खोट निघाली असती तर बाकीच्याही तपासाव्या लागल्या असत्या, आणि त्याची आमच्या घरात कोणाचीच तयारी नव्हती. मी गाडीत बाटली ठेवली.

मग एका दुपारी ताईचा फोन आला. ती कुजबुजत बोलत होती. भावोजी बाहेरगावी गेले होते, संध्याकाळी परतणार होते. त्याआधी मला घेऊन जा, म्हणाली. या वेळी फरशी, कपाट असलं काही कारण दिलं नाही, एवढंच. आई म्हणाली, मामांना घेतल्याशिवाय जायचं नाही. मामा इस्त्रीचा शर्ट घालून पुढच्या सीटवर बसले.

ताई दाराबाहेरच उभी होती. हातात एक बॅग, दुसरा हात गळ्यातल्या पट्टीत. तिला मागे बसवून मी इंजिन बंद न करताच गाडी वळवली. समोरच्या घराच्या खिडकीतला पडदा हलला, तेवढा मी पाहिला.

तासाभरानं, आजूबाजूला एकही घर नाही अशा ठिकाणी, मामांना लघवीला जायचं होतं. मी म्हटलं, जा, पण गाडी चालूच राहू दे. मी मागे वळून ताईला काहीतरी विचारत होतो, तेवढ्यात मामांनी हात लांब करून चावी फिरवली.

"उभ्या गाडीत पेट्रोल जाळायला आपण काय राजे आहोत?"

मी लगेच चावी मारली. स्टार्टर रडला. काटा शून्यावर. बाटलीसाठी हात घातला तर बाटली नव्हती. मामा झाडामागून परतले ते ओल्या चेहऱ्यानं, चष्म्याच्या काचा रुमालानं पुसत. त्यांनी हात धुतले होते, तोंड धुतलं होतं, आणि उरलेल्या पाण्यानं चष्मा. रिकामी बाटली त्यांनी नीट झाकण लावून मला परत दिली. जबाबदार माणूस.

मी बॉनेट उघडून ठेवलं. पाऊण तास लागणार होता. ताईनं कितीदा तरी वेळ विचारली. एक ट्रक येताना दिसला तशी ती खाली उतरली आणि तिनं चांगला हात वर केला. मामांनी तो खाली घेतला. चांगल्या घरच्या बाईनं ट्रकला हात करायचा असतो का, असं ते अगदी मायेनं म्हणाले. ट्रक गेला.

त्यानंतर दहा मिनिटांनी भावोजी आले. इंडिकेटर देऊन, गाडी रस्त्याच्या कडेला व्यवस्थित लावून उतरले. मामांना वाकून नमस्कार केला आणि काय झालं म्हणून विचारलं. त्यांच्या हातात पाण्याची बाटली होती, गार, बाहेरून घाम आलेली.

लाज वाटते, पण सांगतो. मीच त्यांना सेन्सर दाखवला. त्यांनी बाही दुमडली आणि मी बोट दाखवलं तिथं एक थेंब वाया न घालवता पाणी ओतलं. मी चावी मारली. काटा हलला, गाडी सुरू झाली, आणि क्षणभर मला खरंच आनंद झाला. मेकॅनिकचं बरोबर होतं.

"निघा तुम्ही आता," भावोजी म्हणाले. "आई काळजीत असतील."

आमच्या मागच्या सीटवरची बॅग त्यांनी स्वतः उचलून आपल्या गाडीत ठेवली. ताई माझ्याकडे बघत होती. मी मामांकडे बघितलं.

"जा बाई," मामा म्हणाले. "एवढा धावत आलाय माणूस."

ती गेली. बॅगेच्या शेजारी, मागच्या सीटवर बसली. निरोप द्यायला मामा भावोजींच्या गाडीपाशी गेले आणि सवयीनं बॉनेटवर हात टेकवला. टेकवला आणि झटकन काढला. तळहात बघितला, त्यावर फुंकर घातली. मग माझ्या लक्षात आलंय हे बघून म्हणाले, "ऊन किती आहे."

आम्ही तेव्हा सावलीत उभे होतो.

दुसऱ्या दिवशी मी सेन्सर बदलून घेतला. खरंच अर्ध्या तासाचं काम. ताईचा फोन लागत नाही. भावोजींचा लागतो, ती झोपलीय, असं ते हळू आवाजात सांगतात. मामा मात्र कोणी भेटलं की ती हकिकत सांगतात, की जावई असावा तर असा, रस्त्यात गाडी अडली तर पाणी घेऊन धावत येणारा. परवा ते माझ्या चुलतभावासाठी गाडी बघायला गेले होते. सकाळी सहाला.