वॉकमनमधला हेलकावा

लवू शिर्केने वॉकमनची कामं घेणं जवळजवळ सोडलं होतं. नवघरच्या त्याच्या दुकानात आता मोबाईलची कव्हरं लटकत होती आणि गिऱ्हाईक यायचं ते चार्जर नाहीतर स्क्रीनगार्ड मागायला. बंद पडलेले वॉकमन टेबलाखाली एका खोक्यात पडून होते. लांज्याहून नवीन आला तेव्हा याच यंत्रांवर त्याचं घर चाललं होतं, म्हणून भंगारात द्यायला हात धजत नव्हता.

एके दिवशी सकाळीच दुकानासमोर रिक्षा थांबली आणि पांढरी काठी टेकत एक मुलगी उतरली. पायरी काठीने चाचपून ती वर आली.

"वॉकमन रिपेअर करता ना तुम्ही?"

"करायचो, ताई. आता कोण वापरतंय?"

"मी वापरते," ती हसून म्हणाली आणि पर्समधून वॉकमन काढून काउंटरवर ठेवला.

तिचं नाव संपदा. राहायला सिल्व्हर पार्कला, एम.ए.चं शेवटचं वर्ष. तिची सगळी पुस्तकं कॅसेटवर होती. बेव्हर्ली पार्कमधल्या सुगंधाताई, शाळेतून रिटायर झालेल्या बाई, तिच्यासाठी पानन् पान मोठ्याने वाचून टेप करायच्या. परीक्षा तोंडावर आली होती आणि नेमका आताच वॉकमन बिघडला होता.

"काय होतंय नक्की?" लवूने विचारलं.

"सुगंधाताई झोपाळ्यावर बसून वाचतायत असं वाटतं."

लवूला हसू आलं. त्याने मागचं झाकण उघडलं. आतला रबरी पट्टा लोंबला होता. नवा पट्टा चढवला, टेपवरचा आवाज उचलणाऱ्या हेडवरचा मळ स्पिरिटने पुसला, टेबलावरचा छोटा स्पीकर जोडला आणि कॅसेट चालू केली. ग्रामपंचायतीच्या अधिकारांवरचं प्रकरण एका खणखणीत बाईच्या आवाजात सुरू झालं.

"झालं बघा. एकदम टकाटक."

संपदाने मान तिरकी करून ऐकलं. "सुधारलंय, दादा. पण हेलकावा आहे अजून. बारीकसा."

लवूने स्पीकरला कान लावला. त्याला काहीच वेगळं वाटेना. बाकड्यावर बाबाजी बसले होते, नवघर गावातलेच म्हातारे, मोबाईल दाखवायला आलेले. तेही पुढे वाकले.

"मना तं काय न्हाय ऐकू येत, पोरी. बाई बेस बोलतेय."

लवू मनातून जरा वैतागलाच. इतकी वर्षं हेच काम केलं आणि ही मुलगी म्हणते हेलकावा आहे! पण संपदा वाद घालत बसली नाही. "येतो तेव्हा मी बोट आपटते," ती म्हणाली आणि काउंटरवर तर्जनी आपटू लागली. टक, टक, टक. नाडी पडावी तशी भरभर, आणि कुठेही न चुकता.

लवू त्या बोटाकडे बघत राहिला. एवढ्या तालात येतंय म्हणजे आत काहीतरी फिरणारंच असणार. त्याने कॅसेटचं दार काढलं. टेपला दाबून धरणाऱ्या छोट्या रबरी चाकाच्या कडेला पांढऱ्या शाईचा ठिपका दिला आणि पुन्हा प्ले दाबलं. ठिपका वर आला की संपदाचं बोट खाली. ठिपका वर, बोट खाली. संपदाला तर ठिपक्याचा पत्ताही नव्हता.

"आयला!" लवूच्या तोंडून निघून गेलं.

यंत्र थांबवून त्याने चाकावरून नख फिरवलं. एका जागी नख किंचित अडकलं.

"ताई, प्ले दाबलेलाच राहून सेल उतरले होते का कधी?"

"हो. मे महिन्यात गावी गेले होते, तेव्हा तसाच बॅगेत राहिला."

"मग बरोबर. एकाच जागी दाबून राहिलं, म्हणून रबराला खळगा पडला."

लवूने खोकं बाहेर ओढलं. पहिल्या वॉकमनचं चाक तडकलेलं निघालं, दुसऱ्याचं जाड होतं. तिसऱ्याचं नीट बसलं. त्याने प्ले दाबलं आणि स्पीकरकडे नाही, संपदाच्या बोटाकडे पाहिलं. बोट वरच्या वर थांबलं होतं. ते खाली आलंच नाही.

"गेला," ती म्हणाली. "फक्त ताई थोड्या घाईत आहेत."

लवूने वेगाचा स्क्रू हलकेच फिरवला.

"अजून थोडं. आता फार रेंगाळल्या. मागे... हां, ह्या सुगंधाताई!"

मग ती म्हणाली, 'श' आणि 'स' बोथट येतायत. लवूने हेडचा तिरपेपणा बदलायला घेतला. ती "पुढे" म्हणे, "जरासं मागे" म्हणे, आणि तो केसभर स्क्रू हलवे. एका क्षणी ती "बस्स!" म्हणाली आणि त्याच क्षणी लवूलाही ऐकू आलं. आवाजावरचा पडदाच दूर झाला. पान उलटल्याची सळसळ आली, लांबून कुकरची शिट्टी आली.

"बाईंचा भात झाला वाटतं," बाबाजी म्हणाले. तिघंही खळखळून हसली.

त्या दिवशी दुपारभर लवू दुकानातले जुने टेपरेकॉर्डर एकेक करून चालवत राहिला. डोळे मिटून. कधीकाळी स्वतःच 'ओके' म्हणून बाजूला ठेवलेल्यांतले दोन त्याला डोलताना ऐकू आले.

परीक्षा संपल्यावर संपदा पुन्हा आली ती मैत्रिणींचे दोन वॉकमन घेऊन. लवूने धावत जाऊन खुर्ची आणली.

"बसा, ताई. तुम्ही ऐका, मी स्क्रू फिरवतो."

"नुसती ऐकायला नाही बसणार," ती म्हणाली. "उघडायचं कसं तेही शिकवा मला."

लवू घुटमळला. आत केसाएवढ्या स्प्रिंगा, मोहरीएवढे स्क्रू. पण नाही म्हणवेना. त्याने तिच्या हातात स्क्रूड्रायव्हर दिला. तिने बर्फाचा रिकामा ट्रे मागितला. शेजारच्या सरबतवाल्याकडून लवूने तो आणून दिला. निघालेला प्रत्येक स्क्रू तिने वेगळ्या कप्प्यात ठेवला, ज्या क्रमाने निघाला त्याच क्रमाने. पट्टा चढवताना लवू दिव्याखाली मान वाकडी करून चिमट्याने धडपडायचा. तिने तो दोन बोटांत धरला, आतली कप्पी चाचपली आणि ओढला. एकदा निसटला. दुसऱ्यांदा बसला.

लवूने हातातला चिमटा खाली ठेवला.

तिने यंत्र चालू केलं, कानाजवळ नेलं आणि कपाळाला आठी घातली.

"मोटर कोरडी आहे, दादा. घासतेय."

लवूने तेलाची बाटली उचलली, टोपण काढलं आणि तिच्या हातात दिली.