त्याचा हात कधी थरथरला नाही

आमचे जावईबापू गुणी दारुडे. आरडाओरडा नाही, मारहाण नाही, शेजाऱ्यांशी भांडण नाही. संध्याकाळी भिंतीकडे तोंड करून बसायचे आणि आडवे होईपर्यंत प्यायचे. धाकटीनं, म्हणजे माझ्या बहिणीनं, हे झाकून ठेवलं. मला सांगितलं तेही फार उशिरा, एका संध्याकाळी त्यांनी गॅस उघडा टाकून झोप काढली आणि त्यांची पोर बबडी शाळेतून येऊन त्याच घरात अभ्यास करत बसली, त्यानंतर. त्या दिवशी धाकटी लेकीला घेऊन माझ्या एका खोलीच्या घरात आली.

घटस्फोटाला जावईबापूंची ना नव्हती. पोरगी मात्र त्यांना हवी होती, आणि धाकटीला पोरीशिवाय दुसरं काहीच नको होतं. मला वाटलं, यात अवघड ते काय? पिणाऱ्या बापाकडे चौथीतली पोर कोण देईल?

मी साक्ष दिली. सख्ख्या बहिणीची साक्ष, तिला कोण विचारतो! रक्ततपासणी ठरली, पण तारीख आधीच कळली होती. तेवढे दिवस जावईबापू धुतल्या तांदळासारखे राहिले.

मग छापखान्याचा फोरमन आला. भला माणूस, खोटं बोलायला आलाच नव्हता. जावईबापू त्याच्या हाताखाली कागद कापायच्या मशीनवर, आणि धाकटी तिथंच बाइंडिंगला.

"बाईसाहेब," तो न्यायाधीशबाईंना म्हणाला, "पिणाऱ्याचा हात त्या मशीनवर टिकत नाही. केसभर माप हललं की अख्खी थप्पी रद्दीत. यांची थप्पी कधी वाकडी गेली नाही. यांचा हात कधी थरथरला नाही."

मी धाकटीकडे पाहिलं. ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती.

बाहेर आल्यावर तिनं सांगितलं. ते कटिंग तीच करायची. फोरमन येण्याआधी दोघं छापखान्यात पोचायची. नवऱ्याला मागं गठ्ठ्यांवर बसवायचं, त्याचा एप्रन आपण चढवायचा. थप्पी ठोकून सरळ करायची, माप लावायचं, दाब खाली आणायचा, आणि मग पातं सोडायचं. दिवसाचं नाजूक काम असं उरकलं की त्याला ढोबळ तेवढं उरायचं.

"हे आधी का नाही सांगितलंत?" आमचे वकील कपाळाला हात लावून म्हणाले.

"मशीनला हात लावायची मला परवानगी नव्हती," धाकटी म्हणाली. "आणि नाही केलं असतं तर त्यांची बोटं गेली असती."

अशी ही बावळट. जळलं मेलं तिचं ते कौशल्य!

पुढच्या तारखेला तिनं भर कोर्टात सगळं सांगितलं. समोरचा वकील ऐकून नुसता हसला. "म्हणजे बाई इतकी वर्षं मालकाला फसवत होत्या. मग आज खरं बोलताहेत कशावरून?" आपल्याच हातानं आपल्या पायावर धोंडा पाडून घ्यावा तर तो असा, माप लावून.

आता भिस्त बबडीवर. न्यायाधीशबाईंनी तिला आपल्या खोलीत एकटीला बोलावलं. कागद दिला, रंग दिले, गोड बोलल्या असतील. धाकटी व्हरांड्यातल्या बाकावर बसून होती.

बबडी बाहेर आली ती नाचतच. आईच्या कानाशी लागली, पण कुजबुजणं तिला कधी जमलं नाही. मला सगळं ऐकू आलं.

"आई, मी काही म्हणजे काही सांगितलं नाही! बाबा पीत नाहीत म्हटलं. त्यांना मधूनमधून ताप येतो आणि मग ते झोपतात. गॅसचं पण विचारलं. मी म्हटलं, आमच्याकडे असं कधी झालंच नाही."

धाकटीनंच शिकवलं होतं हे. शाळेत, छापखान्यात, जिन्यात, कोणीही विचारलं तरी घरातलं बाहेर बोलायचं नाही. पोरगी हुशार, एकदा शिकवलं की विसरत नाही.

मला वाटलं, धाकटी आता रडेल, निदान पोरीच्या पाठीत धपाटा घालेल. तिनं लेकीच्या केसांवरून हात फिरवला. "शहाणी गं माझी," म्हणाली. मला तिथंच हंबरडा फोडावासा वाटला.

निकाल लागला. पोर बापाकडे, कारण घर तेच, शाळा तीच, बापाची नोकरी टिकलेली. आईनं रविवारी भेटावं, रोज फोन करावा. मी वकिलांच्या मागं लागले. ते म्हणाले, "पुन्हा अर्ज करता येईल. पण त्यासाठी काहीतरी घडायला हवं."

"काय घडायला हवं?" मी विचारलं. ते फाईल आवरू लागले.

धाकटी आता संध्याकाळी फोन घेऊन खिडकीपाशी बसते. फोन मोठ्या आवाजावर ठेवते, म्हणजे मलाही बबडी ऐकू यावी. काल धाकटीनं विचारलं, "बाबा कुठायत?"

"झोपलेत. जरा ताप आहे." अगदी सहज, मोठ्या बाईसारखं. "मी भात टाकलाय."

"गॅस नीट बंद करशील ना?"

"हो गं. काही होत नाही."

"बबडे, खरं सांग. रोज झोपतात का असे? एकटीच असतेस का तू?"

पलीकडे भांड्यावर झाकण ठेवल्याचा आवाज आला.

"मला सांगायला काय हरकत आहे, राणी? मी तर तुझी आई."

"अगं पण आई," बबडी समजुतीच्या सुरात म्हणाली, "तू आता बाहेर राहतेस ना."